‘मे’, ‘माइट’ की ठाम? इंग्रजी पेपरात किती हातचं राखून लिहायचं?

रोपवाटिका

थोडं लांबलचक होईल, पण खरंच अडलेय.

मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे. विषय मायकोरायझा, म्हणजे मुळांच्या सोबतीने राहणारी बुरशी. ही बुरशी लावलेली रोपं पाण्याचा ताण जास्त सोसतात का, एवढंच बघायचं होतं. ४८ कुंड्या घेतल्या, निम्म्यांत बुरशी लावली, निम्म्या तशाच ठेवल्या आणि १४ दिवस पाणी तोडलं. बुरशीवाल्या रोपांच्या पानांत सापेक्ष जलांश सरासरी ७१ टक्के, बाकीच्यांत ६२. फरक ठसठशीत. कोरड्या वजनात मात्र जेमतेम, पी ०.०६ (म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; रूढ उंबरठा ०.०५).

पहिल्या मसुद्यात निष्कर्षाचं वाक्य असं होतं: “धिस स्टडी प्रूव्ह्ज दॅट मायकोरायझल इनॉक्युलेशन इम्प्रूव्ह्ज ड्राउट टॉलरन्स.” जर्नलच्या दुसऱ्या परीक्षकाने ते वाक्य धुऊन वाळत घातलं. एक वाण, एक हरितगृह, एक हंगाम, यावर लेखक नेमकं काय सिद्ध केलं म्हणतात, असा त्याचा सवाल. शिवाय आणखी दहा वाक्यांवर ‘ओव्हरक्लेम’ (पुराव्याहून मोठा दावा) असा शेरा. एकूण अकरा. मी मोजली.

मी घाबरले. सगळा पेपर पुन्हा उघडला आणि दिसेल त्या क्रियापदाला ‘मे’ चिकटवत गेले. दुसऱ्या जर्नलला तेच वाक्य असं गेलं: “द रिझल्ट्स मे पॉसिबली इंडिकेट दॅट इनॉक्युलेशन माइट हॅव सम रोल इन ड्राउट टॉलरन्स.” तिथला परीक्षक म्हणाला, लेखकांचा स्वतःच्याच आकड्यांवर विश्वास नसेल तर मी तरी का ठेवावा?

घरचे सल्लागारही एका सुरात नाहीत. आमच्या सरांना ‘मे’ दिसला की लाल पेन निघतं. “काम केलंय ना आपण? मग कदाचित कशाला? हे संशोधन आहे की ज्योतिष?” एक सहलेखक जर्मन आहे. बोलताना त्याला जी गोष्ट जवळजवळ नक्की वाटत होती, तिथेच त्याने लिहिताना ‘माइट’ घातलं. प्रयोगशाळेतल्या जपानी सहकाऱ्याचा परिच्छेद तर “इट कॅन बी सेड दॅट” शिवाय संपतच नाही. चौघांनी चार ठिकाणी हात फिरवलेला पेपर वाचताना असं वाटतं की एकच माणूस सकाळी छाती काढून बोलतोय आणि संध्याकाळी माफी मागतोय.

आणि एक कबुली. आमच्या क्षेत्रातल्या एका जुन्या, मान्यवर पेपरशी माझे आकडे जुळत नाहीत. तिथे मी लिहिलं होतं, “इट इज हंबली सबमिटेड दॅट”. परीक्षकाने समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

तर, हे जपून लिहिणं (हेजिंग म्हणतात ना) प्रत्येकाच्या भाषेतून आणि वळणातून येतं का? तसं असेल तर मी नक्की कुणाच्या मापाने लिहायचं? आणि मुख्य म्हणजे एखाद्या वाक्याला ‘मे’ लावायचा की नाही, हे ठरवायचं कसं? “अनुभवाने कळतं” हे उत्तर मिळून झालंय.

कोपऱ्यातली खुर्ची

रुमाल टाकून ठेवते. माझ्याही प्रबंधात “इट मे बी कन्क्लूडेड” बावीस वेळा आहे.

जुना परीक्षक

मी तुमच्या दुसऱ्या परीक्षकाची बाजू घेतो. मीही हेच काम करतो आणि पाठीमागे शिव्या खातो.

तुमच्या पहिल्या वाक्यात ‘मे’ नव्हता हा दोषच नव्हता. दोष असा की त्या एका वाक्यात तीन मोठे दावे कोंबले होते. एक, ‘प्रूव्ह्ज’. गणितात सिद्ध होतं. कुंड्यांतून पुरावा मिळतो. दोन, ‘इम्प्रूव्ह्ज’ हा साधा वर्तमानकाळ. इंग्रजी पेपरात साधा वर्तमान म्हणजे कुठेही, केव्हाही, कोणत्याही रोपात. तीन, ‘ड्राउट टॉलरन्स’. तुम्ही मोजला पानातला जलांश. ताण सोसणं म्हणजे पुढे जगणं, फुलणं, दाणे धरणं. त्यातलं तुम्ही काय मोजलं?

आता हे बघा: “इन धिस पॉट एक्सपेरिमेंट, इनॉक्युलेटेड प्लांट्स रिटेन्ड मोअर लीफ वॉटर दॅन कंट्रोल्स आफ्टर १४ डेज विदाउट वॉटर.” ‘मे’ नाही, ‘माइट’ नाही, ‘सम’ नाही. तरी मी परीक्षक म्हणून यात बोट ठेवू शकत नाही. दावा लहान केला की क्रियापद ठाम ठेवता येतं. ‘रिटेन्ड’ हा भूतकाळ आणि ‘इन धिस पॉट एक्सपेरिमेंट’ ही मर्यादा, या दोघांनी जे काम केलं ते पाच ‘मे’ मिळूनही करू शकत नाहीत. जपून लिहिणं म्हटलं की सगळे ‘मे’ शोधतात. निम्मं जपणं काळात, कर्त्यात आणि मर्यादेत असतं.

मग ‘मे’ कुठे? तुम्ही चर्चेत लिहिलंच असेल की बुरशीचे तंतू मुळं पोचत नाहीत अशा बारीक पोकळ्यांतून पाणी ओढतात म्हणून असं झालं. ते तुम्ही मोजलंय? नसेल तर तिथे ‘मे’ पाहिजे. एकच. “द हायफी मे हॅव ड्रॉन वॉटर फ्रॉम…” झालं. जे पाहिलं ते ठाम, जे का घडलं असं तुम्हाला वाटतं ते जपून.

‘मे पॉसिबली इंडिकेट… माइट… सम’ मध्ये एकाच दाव्याला पाच कुंपणं आहेत. हेज या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थही झुडपांचं कुंपणच. तुमच्याकडे कुंपणाने शेत खाल्लंय.

कार्यपद्धतीच्या भागात तर हे अजिबात नको. मी एकदा “प्लांट्स मे हॅव बीन वॉटर्ड डेली” असं वाचलंय. अहो, घातलं की नाही पाणी? वैद्यकीय पेपरांवर १९९४ मध्ये सालाजे-मेयर यांनी केलेल्या अभ्यासातही असे शब्द पद्धतीच्या भागात सर्वांत कमी आणि चर्चेच्या भागात सर्वांत जास्त सापडले. तसंच असायला हवं.

‘हंबली सबमिटेड’ बद्दल. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा पेपर काढा, नेचर, २५ एप्रिल १९५३. जेमतेम पानभर आहे. सुरुवातच ‘वी विश टू सजेस्ट’ अशी. पुढे पॉलिंग आणि कोरी या रसायनशास्त्रज्ञांनी आधी सुचवलेल्या रचनेबद्दल ते म्हणतात की आमच्या मते ही रचना समाधानकारक नाही, दोन कारणांसाठी. आणि ती दोन कारणं देतात. पॉलिंग तेव्हा केवढा मोठा माणूस! ‘इन अवर ओपिनियन’ एवढीच काय ती अदब, आणि लगेच कारणं. तुम्हाला जुन्या पेपराशी असहमत व्हायचंय ना, तसंच करा. नमस्कार कमी, कारणं जास्त.

त्याच पेपरातलं शेवटाकडचं वाक्य प्रसिद्ध आहे: ही जोडीची रचना पाहता आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल याची एक शक्यता लगेच सुचते, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. चक्क ताकाला जाऊन भांडं लपवणं! पण त्यामागची गोष्ट क्रिकने १९७४ मध्ये सांगितली आहे. त्याला आनुवंशिकतेबद्दल मोकळेपणाने लिहायचं होतं, वॉटसनला रचनाच चुकीची निघेल अशी धास्ती. ते वाक्य म्हणजे दोघांमधली तडजोड. तुमच्या चार सहलेखकांसारखीच. फक्त त्यांनी भांडण एका वाक्यात मिटवलं आणि तुम्ही ते पेपरभर पसरू दिलं.

अर्धविराम

मी संशोधकांचे इंग्रजी मसुदे तपासते, त्यातले बरेच मराठीभाषकांचे असतात. ‘जुना परीक्षक’ यांच्याशी बहुतांशी सहमत. पण वळण भाषेतून येतं का, हा प्रश्न त्यांनी बाजूलाच ठेवलाय.

आधी मराठीचं बघू. आपल्याकडे अंदाजाची व्यवस्था भलतीच बारीक आहे. “पाऊस पडला असावा” कधी म्हणतो? अंगण ओलं दिसलं तर. “पडला असेल” हा नुसता अदमास. “पडला म्हणे” म्हणजे मी पाहिलं नाही, कुणी सांगितलं, जबाबदारी माझी नाही. “पडलाय वाटतं” आणखी वेगळं. किती खात्री आहे आणि ती कुठून आली, हे दोन्ही आपलं क्रियापद सांगून जातं. इंग्रजीत जाताना हे सगळं आपण एका ‘मे बी’च्या पिशवीत भरतो. ‘असावा’ हा ‘मे’ नाही. त्यात पुरावा आहे. तो ‘प्रॉबॅब्ली’च्या, कधी कधी ‘मस्ट हॅव’च्या जवळचा. म्हणजे ‘असावा’चा ‘मे’ केला की तुम्ही स्वतःच्या पुराव्याला कमी लेखता. काही जण त्याचा ‘शुड बी’ करतात, आणि मग इंग्रजी वाचकाला कळत नाही की असं झालंय की व्हायला हवं होतं.

उलट बाजूही आहे. “यावरून असे दिसून येते की” हे आपण शाळेच्या प्रयोगवहीपासून लिहितो. मराठीत तो निष्कर्ष असतो, खणखणीत. त्याचं ‘इट अपीअर्स दॅट’ झालं की इंग्रजीत ती शंका होते. आणि “शक्यता नाकारता येत नाही”! मराठी बातमीत हे वाक्य आलं की वाचक समजतो, होणारच बहुतेक. इंग्रजीत ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ म्हणजे अगदीच शून्य नाही, इतकंच. मला वाटतं माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांतले निम्मे घोळ या दोन वाक्यांचे असतात. (निम्मे हा माझा अंदाज. मोजलेले नाहीत. बघा, मीही लावलं कुंपण.)

तुमच्या जर्मन सहलेखकाचंही हेच झालं असेल. जर्मनमध्ये ‘ड्युर्फ्टं’ हे रूप आपल्या ‘असावं’च्या जवळ जातं, बऱ्यापैकी खात्रीचं. इंग्रजीत त्याला जुळणारं एकशब्दी क्रियापद नाही, मग हाताला ‘माइट’ लागतं. जपानीत वाक्य ‘दे आरो’ किंवा ‘तो ओमोवारेरु’ने, म्हणजे ‘असावे’ किंवा ‘असे वाटते’ने, संपवणं ही तर पेपरातली रूढ शैली. ते तिथे पूर्णविरामासारखं येतं, कुणी शंका म्हणून वाचत नाही.

पण यावरून “पूर्वेकडचे लोक आडून बोलतात, पाश्चात्त्य सरळ” असं म्हणायला जाऊ नका. ती चूक मोठमोठ्यांनी केली आहे. १९६६ मध्ये रॉबर्ट कॅप्लन या भाषातज्ज्ञांनी निरनिराळ्या भाषकांच्या निबंधांची वळणं रेघांनी काढून दाखवली. इंग्रजीसाठी सरळ खाली जाणारी रेघ, आणि ‘ओरिएंटल’ नावाच्या एका गठ्ठ्यासाठी आत आत फिरत जाणारं चक्र. चित्रं इतकी आटोपशीर की अजून कार्यशाळांत दाखवतात. टीका झाली ती रास्त होती. दुसऱ्या भाषेत शिकाऊपणे लिहिलेल्या निबंधावरून अख्ख्या संस्कृतीचं विचार करणं कसं ठरवणार? कॅप्लन स्वतःही पुढे मवाळ झाले.

आता गंमत. केन हायलंड आणि जॉन मिल्टन यांनी १९९७ मध्ये हाँगकाँगच्या ९०० कँटोनीभाषक विद्यार्थ्यांच्या आणि ७७० ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या उत्तरपत्रिका तुलनेला घेतल्या. कॅप्लनच्या चित्राप्रमाणे हाँगकाँगची मुलं आडवळणाची निघायला हवीत. निघाली उलटी. त्यांची विधानं जास्त ठाम, आणि जपून बोलण्याचे शब्द मोजकेच. बल्गेरियन संशोधकांच्या इंग्रजी लेखनातही इरेना वासिलेवा यांना २००१ मध्ये असंच वळण दिसलं, ठामपणाकडे झुकणारं. हू आणि काओ यांनी २०११ मध्ये भाषाविज्ञानाच्या जर्नलांतले ६४९ सारांश तपासले. चिनी भाषेतल्या जर्नलांपेक्षा इंग्रजी जर्नलांत असे शब्द बरेच जास्त. म्हणजे आडून बोलण्याचा शिक्का ज्यांच्यावर, तेच ठाम, आणि ज्यांना आपण सडेतोड समजतो त्यांची इंग्रजी शास्त्रीय भाषाच ‘सजेस्ट’, ‘अपीअर’, ‘टेंड’वर उभी.

असं का? संस्कृती हे कारण असेलही, पण माझ्या टेबलावरून दोन साधी कारणं दिसतात. पहिलं हत्यारांचं. परक्या भाषेत आपल्याकडे ‘मे’, ‘कॅन’, ‘आय थिंक’ असे तीन-चारच शब्द असतात. ‘टेंड टू’, ‘इज कन्सिस्टंट विथ’, ‘वी फाउंड नो एव्हिडन्स दॅट’, ‘अंडर दीज कंडिशन्स’ हे कुणी शिकवलेलंच नसतं. त्यामुळे एकतर ठाम, नाहीतर ‘मे’चा पाऊस. मधल्या पायऱ्याच नाहीत. दुसरं शाळेचं. दहा-बारा वर्षं परीक्षेत ठाम उत्तराला गुण मिळाले, “सर्वसाधारणपणे, या परिस्थितीत” लिहिणाऱ्याला कुणी अर्धा गुणही जास्त दिला नाही. रोपवाटिका, तुमच्या सरांचं लाल पेन तिथून येतं.

आणि ‘हंबली’ का आलं माहितीये? आपल्याकडे जपून बोलणं माणसाला लावलं जातं, विधानाला नाही. मोठ्यांशी मतभेद असला की शब्द मऊ. स्वतःचा निष्कर्ष असला की सगळं मोकळं रान. इंग्रजी पेपरात माप पुराव्याला लागतं, मग तो पुरावा कुणाचाही असो. मराठी आंतरजालावर आपण शेवटी ‘चूभूदेघे’ लिहितो ना, त्यातली नम्रता गोड आहे. पण ते एकदाच लिहून सगळ्या वाक्यांवर पांघरूण पडतं, आणि कोणतं वाक्य डळमळीत आहे ते वाचकाला कधीच कळत नाही.

तिरकस

सगळं छान, पण कुणीतरी कडू बोलायला हवं.

ताई, तुमचं ‘इम्प्रूव्ह्ज’ ओव्हरक्लेम ठरलं. मोठ्या नावाच्या प्रयोगशाळेतून तेच वाक्य आलं असतं तर? मला विचाराल तर सुटलं असतं. पुराव्याला माप लागतं वगैरे ठीक, पण मापाची पट्टी कुणाच्या हातात आहे तेही बघा.

आणि ज्यांची भाषा जपून बोलणारी म्हणून आपल्याला शिकवतात, ते तरी आता कुठे जपून बोलतात? विंकर्स आणि सहकाऱ्यांचा बीएमजे या वैद्यकीय जर्नलातला २०१५चा लेख वाचा. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीतल्या सारांशांत त्यांनी ‘नॉव्हेल’, ‘रोबस्ट’, ‘अनप्रेसिडेंटेड’ असले गुणगायनाचे शब्द मोजले. १९७४ ते १९८० मध्ये असे शब्द असलेले सारांश २ टक्के होते, २०१४ मध्ये १७.५ टक्के. शास्त्रज्ञांची प्रतिभा चाळीस वर्षांत नऊपट झाली असं मला तरी वाटत नाही. अनुदान आणि जागा यांची रांग लांबली. म्हणजे एका हाताने ‘मे’ लावा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने सारांशात ढोल वाजवायचा.

तेव्हा ‘इंग्रजी संस्कृती’ नावाचं काही सोज्वळ प्रकरण आहे असं समजून स्वतःला खाऊ नका.

जुना परीक्षक

तिरकस, नावाचा परिणाम होतो हे मान्य. म्हणूनच काही जर्नलं लेखकांची नावं परीक्षकांपासून लपवतात. पण ४८ कुंड्यांवर ‘प्रूव्ह्ज’ लिहिलं तर मी नाव न बघताही कापतो.

मध्यक

माझं पोट संख्याशास्त्रावर चालतं, म्हणून ०.०६ बद्दल बोलतो. त्याकडे अजून कुणी वळलंच नाही.

पी ०.०६ आलं की दोन मोह होतात. पहिला, “ट्रेंड टोवर्ड्‌स सिग्निफिकन्स” लिहायचं, जणू तो आकडा ०.०५च्या दिशेने चालत निघालाय. दुसरा, “देअर वॉज नो डिफरन्स” लिहायचं. दुसरा जास्त वाईट, कारण त्यात ‘मे’ कुठेच नसल्याने तो विनम्र आणि निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात तो पेपरातला सर्वांत मोठा ओव्हरक्लेम आहे! फरक सापडला नाही म्हणजे फरक नाही, असं नसतं. ऑल्टमन आणि ब्लँड यांनी १९९५ मध्ये बीएमजेत एका पानात हेच सांगितलं होतं. कोरड्या वजनातला फरक ग्रॅममध्ये द्या, त्याची विश्वासमर्यादा (खरा फरक साधारण कोणत्या दोन आकड्यांदरम्यान असू शकतो ते) द्या, आणि लिहा की एवढ्या कुंड्यांत हा अंदाज पुरेसा नेमका नाही. आकडा हे सर्वांत प्रामाणिक कुंपण.

शब्दांवर किती विसंबायचं याची एक जुनी गोष्ट सांगतो. १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तचरांच्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे असं लिहिलं होतं. एका अधिकाऱ्याने तो अहवाल तयार करणाऱ्या गटातल्या शर्मन केंटला विचारलं, म्हणजे किती? केंट म्हणाला, ६५ विरुद्ध ३५. विचारणारा चपापला, त्याने खूपच कमी धरलं होतं. मग केंटने अहवाल लिहिणाऱ्या स्वतःच्याच सहकाऱ्यांना विचारलं. उत्तरं २० पासून ८० पर्यंत. एक खोली, एक भाषा, एक वाक्य, आणि त्यावर सगळ्यांची सहमतीही झालेली!

हवामानबदलाच्या आयपीसीसी अहवालांनी म्हणून शब्दांना आकडे बांधून टाकले. ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ ९० ते १००, ‘व्हर्च्युअली सर्टन’ ९९ ते १००. तरी वाचक ऐकत नाहीत. बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २४ देश आणि १७ भाषांतल्या वाचकांवर हे तपासलं. लोक अशा शब्दांचा अर्थ मधल्या ५० टक्क्यांकडे ओढून घेतात, ‘व्हेरी लाइकली’ वाचूनही. वाक्यातच शब्दाशेजारी आकडा छापला की अर्थ बराच जागेवर येतो. म्हणजे घोळ फक्त मराठी-इंग्रजीचा किंवा जपानी-इंग्रजीचा नाही. इंग्रजी-इंग्रजीचाही आहे.

अर्धविराम

मध्यक, “देअर वॉज नो डिफरन्स”वाला मुद्दा मी आता माझ्या तपासणीत घेतेय. आजवर ते वाक्य मी डोळे झाकून पुढे सोडत आले. व्याकरण बरोबर असतं ना.

कोपऱ्यातली खुर्ची

बावीसपैकी सतरा काढले. उरलेल्या पाचांत मला खरंच माहीत नाही. तशी ती राहू देते.

रोपवाटिका

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण पेपर घेऊन बसले होते.

आधी मी प्रत्येक ‘मे’समोर मराठीत लिहिलं: हे मी पाहिलंय, की ‘असावं’ आहे, की ‘असेल’ आहे, की ‘म्हणे’ आहे. हे फारच कामाला आलं. ३४ ‘मे’ आणि ‘माइट’ होते. त्यातले १९ मी स्वतः पाहिलेल्या गोष्टींवर होते! काढले. काही ‘म्हणे’ निघाले, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरातलं मी स्वतःच्या जिवावर सांगत होते. तिथे त्यांचा संदर्भ दिला आणि ‘मे’ काढला. खरे ‘असेल’ फक्त चार, चारही चर्चेत, चारही ‘का’बद्दल.

सरांशी बसले. त्यांना मी ‘जुना परीक्षक’ यांचं लहान दाव्याचं वाक्य दाखवलं, ‘मे’ नसलेलं. ते खूश. मग हळूच तंतूंचं वाक्य दाखवलं, ‘मे’ असलेलं. पेन उचललं त्यांनी. मी म्हटलं, सर, हे आपण मोजलं नाहीये. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मग मोजायला हवं होतं.” ‘मे’ राहिला. पुढच्या प्रयोगाची यादीही तिथेच सुरू झाली, ते मात्र मला महागात पडणार आहे.

जर्मन सहलेखकाला सरळ विचारलं, तुझ्या ‘माइट’ची खात्री टक्क्यांत किती? म्हणाला, ऐंशी. मी म्हटलं, मला तीस वाटली होती. तिथे आता ‘प्रॉबॅब्ली’ आहे. जपानी सहकारी हसला आणि “इट कॅन बी सेड दॅट” सात ठिकाणांहून त्याने स्वतःच काढलं. आठवं त्याला ठेवायचं होतं. का, ते त्याला नीट सांगता आलं नाही, पण तो हट्टाला पेटला होता, म्हणून ठेवलं.

‘हंबली सबमिटेड’ गेलं. आता असं आहे: “अवर व्हॅल्यूज आर लोअर दॅन दोज रिपोर्टेड अर्लिअर, फॉर टू पॉसिबल रीझन्स.” एक, त्यांचा वाण वेगळा होता. दुसरं, त्यांनी पाणी सात दिवसच तोडलं होतं. लिहिताना हात थोडा थरथरला, कबूल करते.

तिरकस, तुमचं म्हणणं डोक्यात आहेच. सारांशातला ‘नॉव्हेल’ काढला. सरांना अजून कळलेलं नाही.

निष्कर्षाचा नवा परिच्छेद खाली देतेय. काही खटकलं तर सांगा, उद्या पाठवायचाय.

“इन धिस पॉट एक्सपेरिमेंट, इनॉक्युलेटेड प्लांट्स रिटेन्ड मोअर लीफ वॉटर दॅन कंट्रोल्स आफ्टर १४ डेज विदाउट वॉटर. द एस्टिमेट फॉर ड्राय वेट वॉज टू इम्प्रिसाइज टू इंटरप्रिट. द हायफी मे हॅव ड्रॉन वॉटर फ्रॉम पोअर्स दॅट रूट्स डू नॉट रीच. दीज रिझल्ट्स क्लिअर्ली जस्टिफाय अ फील्ड ट्रायल.”

जुना परीक्षक

शेवटच्या वाक्यातला ‘क्लिअर्ली’ काढा. बाकी पाठवा.